नरक्या : एका नावाचा आणि एका अर्काचा इतिहास

वनस्पतींच्या देशी नावांत लोकांचे औषधीज्ञान साठविलेले असते, असे आपण सहज गृहीत धरतो. या गृहीतकास मर्यादा घालणारे एक उदाहरण आपल्या परिसरातच आहे. चाकण ज्या खेड तालुक्यात मोडते, त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकास भीमाशंकरचे अरण्य लागते. तेथे, तसेच सह्याद्रीच्या इतर घाटमाथ्यांवर, नरक्या नावाचा लहान वृक्ष वाढतो. 'नरक' शब्दाशी उघड नाते सांगणारे हे नाव त्याच्या दुर्गंधाचे निदर्शक होय. वनस्पतिशास्त्रात दीर्घकाळ रूढ असलेल्या 'मॅपिया फीटिडा' या नावातील लॅटिन विशेषणाचा अर्थही दुर्गंधी असाच आहे. दोन्ही नावांत वासाची नोंद आहे; गुणाची नाही.

गुणाचा शोध लागला तो दुसऱ्याच वृक्षावरून. अमेरिकेत मनरो वॉल हे कॉर्टिझोनच्या निर्मितीस उपयोगी अशा स्टेरॉइडांसाठी वनस्पतींचे अर्क तपासीत होते. त्यांतील काही अर्क १९५७ च्या सुमारास कर्करोगविरोधी चाचणीस पाठविले असता 'कॅम्प्टोथेका' या चिनी वृक्षाचा अर्क प्रभावी ठरला. पुढे अर्काचे अंश वेगळे करावयाचे, प्रत्येक अंश रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांवर तपासावयाचा आणि प्रभावी अंशाचेच पुन्हा विभाजन करावयाचे, अशा रीतीने काम चालले. त्यातून मिळालेले 'कॅम्प्टोथेसिन' हे द्रव्य वॉल आणि त्यांचे सहकारी, नंदुरबार येथे जन्मलेले मनसुख वाणी यांनी १९६६ साली प्रसिद्ध केले. १९७२ साली मुंबईत गोरेगाव येथील सीबा संशोधनकेंद्रातील गोविंदाचारी व विश्वनाथन यांना तेच द्रव्य नरक्यात, आणि तेही अधिक प्रमाणात, आढळले.

रुग्णांवरील पहिले प्रयोग विषारी परिणामांमुळे थांबले. पेशींतील कोणत्या विकरावर हे द्रव्य आघात करते, हे १९८५ साली उलगडल्यावर त्यास नवी दिशा मिळाली. १९९६ साली टोपोटेकन व इरिनोटेकन या त्यापासून सिद्ध केलेल्या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली.

मात्र ही कीर्ती वृक्षास मानवली नाही. द्रव्य लाकडात व मुळांत असल्याने मागणीबरोबर तोड वाढली आणि घाटांतील नरक्या विरळ होऊ लागला. तेव्हा देशी नाव हा लोकांच्या इंद्रियानुभवाचा पुरावा मानावा. औषधी गुणाचा निर्णय चाचणीवरच सोपवावा. आणि ज्या झाडाचे नावच तिरस्काराचे, तेही राखण्याजोगे असते, हे चाचणीपूर्वीच ओळखावे.