परिचारिकांचा मान

सरकारी इस्पितळात आपले माणूस घेऊन जाण्याची वेळ तुमच्यापैकी बहुतेकांवर कधी ना कधी आलेली असेल. माणूस बरे होऊन घरी आले की ओटीवर गोष्टी निघतात. डॉक्टर कोण होते, ते कुठले, त्यांनी कोणते औषध दिले, सगळे तपशीलवार सांगितले जाते. पण रात्री दोन वाजता सलाईनची बाटली बदलायला कोण आले होते, असे विचारून पाहा. ‘होती एक सिस्टर,’ एवढेच उत्तर मिळते. तिचे नाव कुणी विचारलेलेच नसते. या बिननावाच्या माणसांचे नाव घेण्याची आणि त्यांना मान देण्याची रीत कशी पडत गेली, त्याचा थोडा इतिहास आज आपण पाहू.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव शिक्षकमंडळींना नवीन नाही. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ साली, ती ३८ स्त्रियांना घेऊन स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेली आणि हातात दिवा घेतलेली तिची मूर्ती पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली ती कायमची. या दिव्याच्या उजेडात तिचे दुसरे मोठे काम थोडे झाकलेच गेले, असे मला वाटते. बाई आकड्यांची होती. जखमांनी किती शिपाई दगावले आणि घाणीने, तापाने, हगवणीने किती, याची कोष्टके मांडून तिने सरकारला जागे केले. हिंदुस्थानात तिने कधी पाऊल टाकले नाही. पण इथल्या छावण्यांतले पाणी, गटारे आणि रोगराई यांची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा जो अहवाल १८६३ साली निघाला, त्याच्यामागे तिचाच ध्यास होता.

तिच्यापासूनच परिचारिकांच्या मानसन्मानाला सुरुवात झाली म्हणा ना! व्हिक्टोरिया राणीने १८८३ साली ‘रॉयल रेड क्रॉस’ हे पदक सुरू केले. त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत नाइटिंगेल होती. पुढे १९०७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. ती १९१० साली वारली. त्यानंतर दोनच वर्षांनी रेड क्रॉसने तिच्या नावाचे आंतरराष्ट्रीय पदक ठेवायचे ठरवले. मध्ये पहिले महायुद्ध आले आणि पदके प्रत्यक्ष वाटली गेली ती १९२० साली, तिच्या जन्मशताब्दीला. या पदकांची मुळे रणांगणात आहेत, हे ध्यानात घ्या. लढाईत जखमी झालेल्या शिपायाची शुश्रूषा राजाला दिसते. बाळंतिणीची, क्षयाच्या रोग्याची, अंथरुण धरलेल्या म्हाताऱ्याची शुश्रूषा कुणाला दिसायची?

आपल्याकडे भारत सरकारच्या आरोग्य खात्याने १९७३ साली राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार सुरू केला. निवडलेल्या परिचारिकांना तो राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जातो. शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या मेट्रनबाई आणि खेड्यातल्या उपकेंद्रावरची परिचारिका-प्रसाविका अशा दोघींनाही त्यात जागा आहे, ही त्यातली मला विशेष आवडणारी गोष्ट. लशीची पेटी खांद्याला लावून, ओढा ओलांडून वाडीवर येते ती तुमची नर्सबाईही त्या यादीत बसू शकते. नाव मात्र ‘नाइटिंगेल’च. इतक्या वर्षांत आपल्याला आपल्यातले एक नाव सुचू नये, याची गंमत वाटते खरी.

असो. १९७३ हे साल मात्र मनात धरून ठेवा; कारण त्याच साली मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात, एक हकिगत सुरू झाली. हे रुग्णालय महानगरपालिकेचे, १९२६ साली उघडलेले, गोरगरिबांच्या आधाराचे. तिथे अरुणा शानबाग नावाची तरुण परिचारिका होती. मूळची उत्तर कानडा जिल्ह्यातल्या हळदीपूर गावची, लग्न ठरलेले. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी ड्यूटी संपवून कपडे बदलायला ती तळघरात गेली असता इस्पितळातल्याच एका कामगाराने तिच्यावर हल्ला केला. गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळली गेली. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि ती पुन्हा कधी शुद्धीवर म्हणून आली नाही. गुन्हेगाराला सात वर्षांची शिक्षा झाली. ती भोगून तो सुटला.

कपडे बदलायला तळघर! राष्ट्रीय पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी देशातल्या एका नामांकित इस्पितळात परिचारिकेची व्यवस्था ही होती. मुंबईच्या परिचारिकांनी त्या वेळी संप केला, तो अरुणेच्या नीट देखभालीसाठी आणि स्वतःच्या कामाच्या परिस्थितीसाठीही. इतिहास शिकवताना पदकांबरोबर हा संपही सांगितला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वॉर्ड क्रमांक चारला लागून असलेल्या एका खोलीत अरुणेला ठेवले होते. घरात कुणी अंथरुणाला खिळलेले असेल त्यांना ठाऊक आहे, की असा माणूस चार-सहा आठवडेसुद्धा सांभाळणे किती अवघड. दर काही तासांनी कूस बदलावी लागते. अंग पुसून कोरडे ठेवावे लागते. घास मऊ करून भरवावा लागतो, तो घशात अडकणार नाही हे पाहावे लागते. एखाद्या दिवशी हयगय झाली की पाठीला आणि माकडहाडाला जखमा पडतात, आणि त्या जखमाच शेवटी माणसाला नेतात. केईएमच्या परिचारिकांनी हे काम महिने नव्हे, दशके केले. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, तिसरी आली. तिला पूर्वी कधी हसताबोलताना पाहिलेच नव्हते अशा मुली तिला न्हाऊ घालू लागल्या. मध्ये, ऐंशीच्या दशकात, खाट मोकळी व्हावी म्हणून महापालिकेने तिला बाहेर हलवण्याचा विचार दोनदा केला. परिचारिका आडव्या आल्या. विचार सोडून द्यावा लागला.

पुढे तिला दयामरण मिळावे असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात आला. अर्ज करणाऱ्या लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणेवर पुस्तक लिहिले होते आणि त्यांचा हेतू कळवळ्याचाच होता, हे मान्य केले पाहिजे. न्यायालयाने तीन डॉक्टरांकडून तपासणी करवली. सदतीस वर्षे अंथरुणावर काढलेल्या त्या देहावर दाबाने पडलेली एकही जखम डॉक्टरांना सापडली नाही. माझ्या मते परिचारिकांना मिळालेले याहून मोठे प्रशस्तिपत्र नसेल, आणि ते कुणी समारंभात दिलेले नाही. ते तपासणीच्या कागदात लिहिलेले आहे. तिची सेवा करून निवृत्त झालेल्या एका परिचारिकेने तर पगार नको, गाडीभाडेही नको, पण तिचे करू द्या, असे सांगितले होते.

७ मार्च २०११ रोजी निकाल लागला. काही अटींवर, न्यायालयाच्या परवानगीने, उपचार थांबवता येतील असे तत्त्व त्यात मान्य झाले. वकीलमंडळी या निकालाची आठवण ठेवतात ती त्यासाठी. पण अरुणेचा अर्ज फेटाळला गेला. तिच्या वतीने बोलण्याचा हक्क कुणाचा, या प्रश्नाला न्यायमूर्तींनी दिलेले उत्तर असे होते, की तो केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. पुढे त्यांचे मत बदलले तर त्यांनी उच्च न्यायालयाकडे जावे. रक्ताचे नाते नसताना, केवळ सेवेच्या बळावर, आप्ताचा अधिकार मिळाला! केईएममध्ये त्या दिवशी पेढे वाटले गेले. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेली, तेव्हा तिच्या सेवेला साडेएकेचाळीस वर्षे झाली होती.

मुंबईच्याच आणखी एका इस्पितळाची गोष्ट थोडक्यात सांगतो. कामा रुग्णालय बायकामुलांसाठी १८८६ साली उघडले. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी त्यासाठी देणगी दिली होती आणि तिथला कारभार पहिल्यापासून स्त्री डॉक्टरांच्या हाती होता. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी तिथे घुसले. दोन पहारेकरी मारले गेले. गरोदर स्त्रियांच्या वॉर्डात अंजली कुलथे ही परिचारिका रात्रपाळीवर होती. तिने दारे लावून घेतली आणि वीस बायकांना आतल्या छोट्या भांडारखोलीत नेऊन बसवले. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या. तिचा रक्तदाब वाढलेला होता. तिला हाताशी धरून, जिन्याच्या भिंतीला चिकटून, गोळीबार चालू असताना प्रसूतीच्या खोलीपर्यंत नेले तेही या परिचारिकेनेच. पुढे हल्लेखोराला ओळखण्यासाठी तिने साक्ष दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे ती रात्र स्वतःच्या तोंडाने सांगितली. वॉर्डातल्या त्या विसाही बायका सुखरूप राहिल्या होत्या.