गाणं जुनं कधी होतं?

अमीन सयानी 20 फेब्रुवारी 2024 रोजी गेले, तेव्हा त्यांच्या आवाजावर भरभरून लिहिलं गेलं. ‘बहनों और भाइयों’ हे संबोधन, त्यात भाइयोंच्या आधी येणाऱ्या बहनों, ती लाघवी हिंदुस्थानी जुबान. हे सगळं योग्यच होतं. पण ‘बिनाका गीतमाला’त आवाजाइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. ती म्हणजे गीतमालेचा नियम. कोणतं गाणं यादीत येईल, किती दिवस राहील आणि कधी बाहेर पडेल, हे तो ठरवत असे. जुन्या गाण्यांचं काय करायचं, या प्रश्नाला हिंदुस्थानात मिळालेलं ते पहिलं लेखी उत्तर आहे, असं मला वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1952 साली बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. सिनेसंगीत त्यांना उथळ वाटे. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळपास हद्दपार झाली. श्रोते मात्र हद्दपार होत नसतात. त्यांनी रेडिओचा काटा कोलंबोकडे वळवला. त्याच वर्षी 3 डिसेंबरला रेडिओ सिलोनवर गीतमाला सुरू झाली. सयानी सांगत, की पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली आणि पुढे हा आकडा आठवड्याला 65 हजारांवर गेला. सुरुवातीला सात गाण्यांचा क्रम श्रोत्यांनी लावायचा होता. 1954 पासून खरी क्रमवारी आली. रेकॉर्ड विकणाऱ्या दुकानांतून आकडे मागवले जात. ते फिरवता येतात हे लक्षात आल्यावर गावोगावच्या श्रोता संघांची मतंही मोजली जाऊ लागली. दर बुधवारी रात्री आठ वाजता एकेक ‘पायदान’ चढत सोळा गाणी यायची.

यातला खरा मुद्दा पुढे आहे. एखादं गाणं ठरावीक आठवडे यादीत टिकलं, की त्याला ‘सरताज गीत’ म्हणून बिगुलाच्या नादात मानाने निरोप दिला जाई. म्हणजे गाणं नावडतं झालं म्हणून बाहेर जात नव्हतं, फार आवडलं म्हणून जात होतं. नव्याला जागा हवी म्हणून जुन्याने उठायचं, पण उठताना त्याच्या डोक्यावर ताज ठेवायचा. आपल्याकडे कारखान्यात 58 व्या वर्षी शाल-नारळ देतात, तसलाच हा प्रकार. फरक इतकाच, की गाण्याचं वय चार-सहा महिन्यांचं असायचं.

अमेरिकेत हेच काम कोरडेपणाने होतं. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने 1961 साली ‘ईझी लिसनिंग’ नावाची वेगळी यादी काढली. रॉक अँड रोलचा गोंगाट नको असलेल्या वयस्क श्रोत्यांसाठी ती होती. पुढे तिचंच नाव ‘अॅडल्ट कंटेम्पररी’ झालं. या धर्तीच्या रेडिओ केंद्रांवर गाण्यांच्या तीन कप्प्यांत वाटण्या होतात. चालू गाणं, यादीतून उतरलेलं पण अजून वाजणारं ‘रिकरंट’ गाणं आणि बऱ्याच वर्षांपूर्वीचं ‘गोल्ड’. बिलबोर्डच्या मुख्य यादीत तर वर्षानुवर्षं असा नियम होता, की वीस आठवडे झाले आणि गाणं पन्नासाव्या क्रमांकाच्या खाली गेलं, की ते काढून टाकायचं. तिथे ना ताज, ना बिगुल. ब्रिटनच्या यादीत आणखी गंमत आहे. जुन्या, उतरणीला लागलेल्या गाण्याचं ऑनलाइन ऐकणं तिथे निम्म्या भावाने मोजतात. 2022 साली केट बुशचं 1985 चं गाणं एका वेब सिरीजमुळे पुन्हा उसळलं, तेव्हा त्याला नव्या गाण्याचा भाव देण्याचा खास निर्णय घ्यावा लागला. मग ते 37 वर्षांनी पहिल्या क्रमांकावर गेलं.

म्हणजे ‘जुनं’ हा गाण्याचा अंगभूत गुण नाही. यादी बनवणारा तो ठरवतो आणि कुणासाठी ठरवतो, यावर सगळं अवलंबून असतं. अॅडल्ट कंटेम्परेरीचा ‘अॅडल्ट’ म्हणजे 25 ते 54 वयाचा श्रोता, कारण जाहिरातदाराला तो हवा असतो. आता हिशोब करा. या श्रोत्याच्या कोवळ्या वयातली गाणी ‘गोल्ड’ ठरतात. दरवर्षी वरच्या टोकाला काही माणसं 55 ची होतात आणि यादीतून गळतात. त्यांच्यासोबत त्यांची गाणीही गळतात. गाण्यात काही बिघडलेलं नसतं. श्रोत्याचा वाढदिवस झालेला असतो, एवढंच.

पिंपरी-चिंचवडमध्ये हा हिशोब मला फार जवळून दिसतो. इथे 1950च्या दशकात हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. 1960च्या दशकात आकुर्डीत बजाज, मग टेल्को आणि एमआयडीसीची वाढ. 1970 साली नगरपालिका, 1982 साली महानगरपालिका. 1972 च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून जी माणसं इथे आली, त्यांत माझे अब्बाही होते. लोखंडी पेटी, एक सतरंजी आणि काही महिन्यांनी घेतलेला ट्रान्झिस्टर. त्या काळात रेडिओचं लायसन्स पोस्टात पैसे भरून काढावं लागे. खोलीत चौघे-पाचजण राहत, ट्रान्झिस्टर एक. अजान सुरू झाली की आवाज बंद, रमजानमध्ये जवळपास महिनाभर बंद. गाणं ऐकणं बरं की नाही, यावर खोलीत वाद व्हायचे. वाद संपला की सिलोन लागायचं.

कामगाराच्या रेडिओचं वेळापत्रक शिफ्ट ठरवायची. सेकंड शिफ्टचा आठवडा आला की बुधवारची गीतमाला बुडाली. तीन आठवड्यांतून एकदा हे व्हायचंच. दरम्यान आकाशवाणीलाही शहाणपण सुचलं होतं. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू झाली आणि 1 नोव्हेंबर 1967 पासून तिच्यावर जाहिराती आल्या, त्याही सर्वांत आधी मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर. जुन्या गाण्यांचा प्रश्न विविध भारतीने वेगळ्या पद्धतीने सोडवला. यादी नाही, क्रमांक नाही, वेळ ठरवून द्यायची. सकाळी ‘भूले बिसरे गीत’. सिलोनवरही सकाळी जुन्या चित्रपटांचं संगीत लागे आणि आठ वाजण्याच्या आत शेवटचं गाणं कुंदनलाल सैगलचं असे. फर्स्ट शिफ्टवाल्याला हे कधीच ऐकू यायचं नाही, तो साडेसहालाच कंपनीच्या बसमध्ये असायचा. नाईट करून परतणाऱ्याला मात्र चहासोबत सैगल मिळायचा. अब्बांची पिढी नूरजहाँ, शमशाद बेगम, तलत महमूद यांना ओळखते ती नाईट शिफ्टमुळे, असं मी म्हटलं तर घरचे हसतात. पण ते पुष्कळ अंशी खरं आहे.

ही वेळेची व्यवस्था मला यादीपेक्षा न्याय्य वाटते. तीत गाण्याला आपली जागा सिद्ध करावी लागत नव्हती. 1940 च्या दशकातल्या गाण्याची स्पर्धा ताज्या गाण्याशी नव्हतीच. लोकप्रियता मोजायची नाही असं ठरवलं, की किती गोष्टी जगतात! आकाशवाणीच्या पुणे केंद्राने 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर ‘गीतरामायण’ची 56 गीतं प्रसारित केली. माडगूळकर-फडक्यांच्या त्या गीतांना कोणत्याही क्रमवारीत बसावं लागलं नाही आणि ती आजही गायली जातात. आकाशवाणी मुंबईच्या ‘कामगार सभे’त मराठी लोकगीतांना जागा होती. सरकारी रेडिओचे दोष पुष्कळ आहेत, केसकरांपासून मोजायला घेतलं तर दिवस पुरणार नाही. पण ही एक गोष्ट त्याच्या खात्यावर जमा करायला हवी.

गीतमालेच्या नियमात एक मोठी फट होती, तीही सांगितली पाहिजे. ती फक्त चित्रपटगीतं मोजायची. उरुसात, लग्नात, मोहल्ल्याच्या नाक्यावर ज्या कव्वाल्या वाजत, त्यांच्यातल्या पुष्कळ गैरफिल्मी रेकॉर्डच्या होत्या. इस्माईल आझाद, युसुफ आझाद, शकीला बानो भोपाली, अझीझ नाझां, जानी बाबू ही नावं आमच्या घरी लता-रफीइतकीच सहज घेतली जात. इस्माईल आझादांची कव्वाली 1958 च्या ‘अल हिलाल’ चित्रपटात आली, म्हणून तिची नोंद राहिली. जी चित्रपटात गेली नाही, ती या यादीत कधी येऊच शकत नव्हती. आज जुन्या गाण्यांचा इतिहास लिहिणारे गीतमालेच्या वार्षिक याद्या पुराव्यासारख्या पुढे ठेवतात. त्या याद्यांत आमच्या गल्लीचा अर्धा आवाज नाही.

गीतमाला 1989 मध्ये विविध भारतीवर आली आणि 1994 ला थांबली. त्यानंतर खासगी एफएम आलं. पुण्यात मिरची, रेडिओ सिटी आणि इतर केंद्रं लागली, ती पिंपरी ते चाकणपर्यंत रिक्षा-टेम्पोत वाजू लागली. तोवर चाकणमध्ये मोठ्या वाहन कंपन्या उभ्या राहत होत्या आणि कामगार बिहार, उत्तर प्रदेश, विदर्भ, मराठवाडा असा चहूकडून येत होता. एफएमवर जुनी गाणी लागत नाहीत असं नाही. रात्री ‘रेट्रो’ लागतं. पण तीच मूठभर गाणी फिरून फिरून. किशोर, आरडी, मग नव्वदचं दशक. तलत कधीतरी, शमशाद क्वचित.

खर्च परवडत नाही, हे कारण पुरेसं नाही. 2010 साली कॉपीराइट बोर्डाने संगीत कंपन्यांना द्यायचा मोबदला रेडिओच्या जाहिरात उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवर आणला. शिवाय आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षांनी संपतो. म्हणजे 1950 च्या दशकातल्या मूळ ध्वनिमुद्रणांवर आज कुठल्याही रेकॉर्ड कंपनीचा हक्क उरलेला नाही. गीतकार-संगीतकारांचा हक्क वेगळा, तो त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. तरीही मूळ मुद्रण मोकळं झालं म्हणून ते जास्त वाजू लागलं, असं घडलं नाही. महाग पडतं म्हणून नव्हे, तर ऐकणारा हिशोबात नाही म्हणून ते वाजत नाही.

‘हिशोबात नाही’ हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. एफएमचे श्रोते मोजण्यासाठी 2007 मध्ये ‘रॅम’ नावाची पद्धत सुरू झाली. ती मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि नंतर कोलकात्यापुरती होती. तिच्यात पुणे नव्हतं, मग पिंपरी-चिंचवड कुठून असणार? गीतमालेच्या काळात पंधरा पैशांच्या कार्डावर आपली पसंती कळवणारा कामगार निदान एक मत होता. एफएमच्या काळात त्याचा पंचावन्न वर्षांचा, निवृत्तीला आलेला अवतार ना वयात बसतो, ना शहरात.

चाकणच्या रस्त्यावर मात्र यादीला न जुमानणारी एक जागा आहे, मालवाहू टेम्पोची केबिन. तिथे पेन ड्राइव्ह चालतो. नागपुरात जन्मलेला, कव्वाल आईबापाचा मुलगा अल्ताफ राजा नव्वदच्या दशकात कॅसेटवर गाजला. एफएमच्या रेट्रोमध्ये तो जवळजवळ नसतो, टेम्पोत मात्र रोज असतो. ज्याने त्या काळात तळेगाव-चाकण रस्त्यावर ट्रक चालवला, त्याच्यासाठी तोच ‘गोल्ड’ आहे.

2017 मध्ये सारेगामाने ‘कारवां’ नावाचा रेडिओसारखा दिसणारा डबा बाजारात आणला. आत पाच हजार गाणी भरलेली, शिवाय सयानींची गीतमालाही. आमच्या सोसायटीत निवृत्त झालेल्या चार-पाच जणांकडे तो आहे, मुलांनी भेट दिलेला. सकाळी त्यांच्या बाल्कनीतून सैगल ऐकू येतो, आता शिफ्टचा अडथळा नाही. पण तीही एक यादीच आहे आणि तिचा नियम सगळ्यांत साधा आहे: ज्या रेकॉर्डची मालकी कंपनीकडे, ती आत. अल्ताफ राजाची कॅसेट व्हीनसची होती.