मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमधील घोषणा

नवी आवृत्ती, तिच्यातील बदल, आढळलेल्या सुरक्षात्रुटी आणि जुन्या आवृत्तीची देखभाल थांबण्याची मुदत वापरकर्त्यांना कळविण्यासाठी मुक्त स्रोत सॉफ्टवेअर प्रकल्प जी निवेदने काढतात, त्यांना घोषणा म्हणतात. असे सॉफ्टवेअर कोणीही उतरवून घेऊ शकतो व त्याच्या प्रती इतरांना देऊ शकतो. त्यामुळे आपले वापरकर्ते कोण आणि किती, हे प्रकल्पाला सहसा ठाऊक नसते. विक्रेत्याकडे ग्राहकांची नोंद असते, तशी येथे नसते. घरोघर निरोप धाडणे शक्य नसे तेव्हा गावात दवंडी पिटली जाई; घोषणेचे कामही तेच. फरक इतकाच की दवंडी गावाच्या भाषेत असे.

प्रारंभ

रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी यूझनेटवर ग्नू प्रकल्प जाहीर केला. लिनस तोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याच जाळ्यावरील मिनिक्स प्रणालीच्या चर्चागटात आपल्या नव्या प्रणालीची माहिती दिली. तीच पुढे लिनक्स झाली. या घोषणा वाचणारे बहुतेक जण स्वतः आज्ञावलीकार होते, त्यामुळे भाषेची वा परिभाषेची अडचण त्यांना नव्हती. पुढे वाचकवर्ग पालटला. १७ जून २००८ रोजी फायरफॉक्स ३ प्रकाशित झाले तेव्हा आधीपासून गाजावाजा करण्यात आला होता आणि २४ तासांत ते ८०,०२,५३० वेळा उतरवून घेतले गेले. गिनीज बुकाने या विक्रमाची नोंद घेतली.

सुरक्षाविषयक सूचना

घोषणांपैकी सर्वांत नाजूक प्रकार हा होय. त्रुटी जाहीर केली की वापरकर्त्यांबरोबर हल्लेखोरांनाही ती कळते, आणि लपविली तर कोणीच दुरुस्ती करीत नाही. म्हणून पुष्कळ प्रकल्प प्रमुख वितरकांना गुप्तपणे आधी कळवितात आणि ठरलेल्या दिवशी दुरुस्ती व सूचना एकत्र प्रसिद्ध करतात. हे नेहमी साधतेच असे नाही. ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाली; सदोष आवृत्ती मार्च २०१२ पासून वापरात होती. काही मोजक्या कंपन्यांना ती आधीच कळली होती, तर बहुसंख्य सर्व्हरचालकांना ती साऱ्या जगाबरोबर समजली. या विषमतेवर झालेली टीका रास्तच होती.

डिसेंबर २०२१ मधील लॉगफोरजे प्रकरण निराळ्या कारणाने लक्षात राहण्याजोगे आहे. हा घटक इतर असंख्य सॉफ्टवेअरच्या पोटात दडलेला होता. आपण तो वापरतो हेच अनेक संस्थांना ठाऊक नव्हते, मग सूचना आपल्यासाठी आहे हे त्यांना कसे कळावे? त्यातच पहिली दुरुस्ती अपुरी ठरली आणि त्याच महिन्यात आणखी तीन आवृत्त्या काढाव्या लागल्या.

मुदतीची घोषणा

पायथन २ ची देखभाल २०१५ मध्ये थांबणार होती. वापरकर्त्यांची तयारी नाही असे पाहून २०१४ मध्ये ही मुदत १ जानेवारी २०२० पर्यंत वाढविण्यात आली. याच्या नेमके उलट सेंटओएसबाबत घडले. सेंटओएस ८ ची देखभाल २०२९ पर्यंत होईल असे गृहीत धरून अनेकांनी सर्व्हर उभारले होते. ८ डिसेंबर २०२० रोजी ती २०२१ अखेरच थांबेल असे जाहीर झाले. पैसे मोजलेले नसल्याने दाद मागण्याची सोय नव्हती. जाहीर केलेली तारीख हाच काय तो करार होता. या नाराजीतून रॉकी लिनक्स व अल्मालिनक्स ही वितरणे जन्माला आली.

मराठीतील स्थिती

मराठीत आज्ञापट व खिडक्यांवरील मजकूर पुष्कळ प्रमाणात अनुवादित झाला आहे. रेड हॅट कंपनीच्या पुणे कार्यालयातून मराठीसह अनेक भारतीय भाषांचे स्थानिकीकरण झाले. याच कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ हे मुक्त टंक प्रसिद्ध केले. घोषणापत्रे मात्र बहुधा इंग्रजीतच राहतात. कारण उघड आहे. आज्ञापटावरील शब्द एकदा अनुवादिला की वर्षानुवर्षे उपयोगी पडतो. सुरक्षासूचना दोन दिवसांत शिळी होते. स्वयंसेवक आपला वेळ पहिल्या कामाला देतात, यात त्यांना दोष देता येणार नाही. पण परिणाम असा की मराठी आज्ञापट वापरणाऱ्याला ‘तातडीने अद्ययावत करा’ हा निरोप परक्या भाषेत मिळतो.

अनुवादक हेही घोषणेचे श्रोते असतात. ग्नोम प्रकल्पात वर्षातून दोनदा नवी आवृत्ती येते. प्रकाशनापूर्वी काही आठवडे इंग्रजी मजकूर गोठविला जातो, जेणेकरून अनुवादकांना स्थिर मजकुरावर काम करता यावे. ही तारीख ज्याच्या नजरेतून सुटली, त्याच्या भाषेत पुढील आवृत्तीचे काही शब्द इंग्रजीच राहतात.

मीडियाविकीची व्यवस्था यापेक्षा बरी आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया याच सॉफ्टवेअरवर चालतो. तांत्रिक बदलांचे एक साप्ताहिक वार्तापत्र २०१३ पासून निघते. ते साध्या इंग्रजीत लिहून अनुवादासाठी खुले ठेवले जाते आणि वर्गणीदार विकींच्या पानांवर आपोआप पोहोचते. ज्या भाषेत अनुवाद झाला असेल तेथे तो, नसेल तेथे इंग्रजी मजकूर दिसतो. मराठी विकिपीडियावरील अशा सार्वजनिक पानाचे नाव ‘चावडी’ असे आहे.

मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प लिनक्स, लिब्रेऑफिस इत्यादींचे धडे मराठी निवेदनासह देतो. प्रत्येक धडा विशिष्ट आवृत्तीवर बेतलेला असल्याने नव्या आवृत्तीत मेनूची जागा बदलली, तर पडद्यावरील चित्र व धड्यातील चित्र जुळत नाही. अशा वेळी कोणता बदल केव्हा झाला हे शोधण्यासाठी विद्यार्थ्याला पुन्हा मूळ इंग्रजी बदलनोंदीकडेच वळावे लागते.