मेणावर न उमटलेला ऑर्गन

प्रभुमंदिरांतील वाद्यांत ऑर्गनला आपल्या ख्रिस्तसभेनें अग्रमान दिला आहे. परंतु ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या सुमारें पन्नास वर्षांत या वाद्याच्या वांट्यास जितकी उपेक्षा आली तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाच्या आली असेल.

कारण यंत्राच्या रचनेंतच होतें. एडिसन साहेबांनीं १८७७ सालीं फोनोग्राफ सिद्ध केला. तेव्हांपासून बहुतेक १९२५ पर्यंत ध्वनि टिपण्यास विजेचें साहाय्य नव्हतें. गायकानें कर्ण्याच्या तोंडाशीं उभें राहावें, आवाजानें आंतील पडदा हलावा आणि सुईनें मेणावर रेघ कोरावी, एवढाच काय तो उद्योग. ऑर्गन कर्ण्यापाशीं न्यावा कसा? त्याच्या शेंकडों नळ्या माडीभर पसरलेल्या. शिवाय सोळा फुटी नळीचा सर्वांत खालचा स्वर सेकंदास सुमारें ३३ कंपनांचा, आणि कर्णा दीडशेंच्या खालीं जवळजवळ बहिराच. वाद्यवृंदांतील डबल बास काढून त्याच्या जागीं कित्येकदां पितळी ट्यूबा बसवीत. ऑर्गनला असा बदली कोठून मिळणार?

याचा एक परिणाम आम्हांस चमत्कारिक वाटतो. एप्रिल १९०२ मध्यें ग्रामोफोन कंपनीच्या लोकांनीं व्हॅटिकनमध्यें सिस्टीन चॅपेलचे गायक आलेस्सांद्रो मोरेस्की यांचा आवाज मुद्रित केला. (याच कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग वर्षाअखेर कलकत्त्यास येऊन गौहरजान यांचें गाणें टिपून गेले.) पुढें २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं परमपूज्य दहावे पायस यांनीं ऑर्गन मान्य करून पियानोस देवळांत मनाई केली. तरी १९०४ सालीं मोरेस्की पुन्हा कर्ण्यापुढें गायले, तेव्हां बाख-गुनो यांच्या ‘आवे मारिया’स साथ व्हायोलिन व पियानोचीच! यांत आज्ञाभंग झाला असें आम्ही म्हणत नाहीं. ती कांहीं उपासना नव्हती.

जर्मनींतील फ्रायबुर्गच्या वेल्टे मंडळींनीं तर नाद टिपण्याचा हट्टच सोडला. वादकाच्या बोटांची हालचाल कागदाच्या गुंडाळीवर उतरवावयाची, खुणांवर भोकें पाडावयाचीं, आणि ती गुंडाळी त्यांच्या ऑर्गनमध्यें फिरविली कीं तेंच वादन पुन्हा ऐकूं येई. १९१३ सालीं माक्स रेगर तेथें वाजवून गेले. ते १९१६ सालीं निवर्तले. पॅरिसच्या सें-ओग्युस्तें देवळाचे एजेन जिगू १९२५ सालीं वारले, त्यांचेंही वादन याच रीतीनें राहिलें. यांत बोटें आहेत, देवळाचा घुमारा नाहीं, ही उणीव खरी. पण १८९० सालीं गेलेले सेझार फ्रांक यांचें तेवढेंही उरलें नाहीं. असा एक वेल्टे ऑर्गन स्वित्झर्लंडमध्यें झेवेनच्या संग्रहालयांत आहे. तो मुळांत ‘ब्रिटानिक’ आगबोटीसाठीं योजिलेला होता, हें आंतील भागावर आढळलेल्या नांवावरून २००७ सालीं उघडकीस आलें.

मायक्रोफोन आल्यावर मात्र वादकानें यंत्राकडे जाण्याऐवजीं यंत्रच देवळांत येऊं लागलें. १९२८ सालीं नोत्र-दामच्या माडीवरून अंध वादक लुई व्हिएर्न यांचें वादन मुद्रित झालें. १९३२ सालीं ८८ वर्षांचे विडोर यांनीं सें-सुल्पीस येथें आपली सुप्रसिद्ध तोकाता वाजविली. आजच्या तरुण वादकांच्या मानानें ती किती सावकाश आहे, हें ऐकूनच पाहावें.