गुमास्ता आणि २२५ चौरस फूट : धारावीतील दुकानाचा इतिहास

१/ धारावीच्या पुनर्विकासाची चर्चा प्रायः घरांभोवती फिरते. या वस्तीचा इतिहास मात्र घरांइतकाच दुकानांचाही आहे. शासकीय नियमांनी या दुकानांकडे कसे पाहिले, त्याचा हा संक्षिप्त मागोवा.

२/ १९०९ च्या मुंबई गॅझेटियरमध्ये धारावीची नोंद मोठ्या कोळीवाड्यांपैकी एक म्हणून आढळते. सौराष्ट्रातून आलेले कुंभार आणि तमिळ प्रदेशातून आलेले चर्मोद्योगातील कारागीर येथे स्थिरावले. खाली दुकान आणि पोटमाळ्यावर संसार, अशी रचना येथे रूढ झाली.

३/ या दुकानांना कागदोपत्री ओळख मिळाली ती आडवाटेने. मुंबई दुकाने व संस्था अधिनियम, १९४८ हा कामगारांच्या कामाचे तास व सुट्या यांचे नियमन करणारा कायदा. त्याखालील नोंदणीस लोक ‘गुमास्ता’ म्हणू लागले. ज्याच्यापाशी जमिनीचा कागद नव्हता, त्या दुकानदाराचा हाच पुरावा ठरला.

४/ १९७६ साली झोपड्यांची गणना होऊन फोटोपास आले. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. पात्रतेची मुदत आधी १ जानेवारी १९९५ होती, पुढे १ जानेवारी २००० झाली. दुकानालाही मोफत जागा देऊ केली गेली : सध्याचे क्षेत्र किंवा २२५ चौरस फूट, यांपैकी जे कमी असेल ते.

५/ समजा, एखादे वाणसामानाचे दुकान ८० चौरस फुटांचे आहे. त्याला ८० चौरस फूटच मिळणार. परंतु त्याची पोती ओट्यावर आणि बरण्या दारापुढील फळीवर असतात. कुंभारवाड्यातील भट्ट्या व वाळवणाची जागा तर सामाईक. भिंतीपाशी थांबणाऱ्या मोजणीत हे सारे निसटते.

६/ उधारीचेही तसेच. रोजंदारीवरचे गिऱ्हाईक आठवड्याचा हिशेब तोंडओळखीवर ठेवते. बांधकामकाळात वस्ती संक्रमण शिबिरांत विखुरली, की वहीत नावे उरतात आणि वसुली बुडते. घर काही वर्षांनी परत देता येते. तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या नाक्यावर जोडलेले असते.

७/ २००४ मध्ये एकात्मिक धारावी पुनर्विकास प्रकल्पाची घोषणा झाली. तेव्हापासून नकाशे अनेकदा बदलले. कोणत्या गल्लीत कोणता धंदा किती वर्षे चालला, हे सांगणारे परवाने, वीजबिले आणि उधारीच्या वह्या अजूनही दुकानांतच आहेत. आपल्या ओळखीत असे दुकान असल्यास त्या कागदांची छायाचित्रे आजच काढून ठेवावीत. दुकानदाराला त्यांचा उपयोग पात्रतेसाठी होईल आणि उद्याच्या इतिहासलेखकाला साधन म्हणून.