घरगुती वातानुकूलन : यंत्राची निवड

राहत्या घरातील उष्मा, थंडी आणि दमटपणा सोसवेल इतपत राखण्यासाठी यंत्र निवडण्याची प्रक्रिया. महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यतः थंडाव्याचा आहे. उबेची गरज निफाडसारख्या ठिकाणी हिवाळ्यातील मोजक्या रात्रींपुरती असते. तेवढ्यासाठी ‘हॉट अँड कोल्ड’ एसी मिळतो. तो बाहेरच्या हवेतील उष्णता घरात ओढतो आणि एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी ऊब देतो. तारेचा हीटर एका युनिटात एकच देतो.

दुकानात पहिली चौकशी ब्रँडची होते. व्हायला हवी ती गावच्या हवेची. मे महिन्यातील नागपूरची दुपार घ्यावी : तापमान ४४ अंश, सापेक्ष आर्द्रता २० टक्के. अशा कोरड्या हवेत पाण्याचे बाष्पीभवन झपाट्याने होते आणि बरा कूलर तीच हवा २९ अंशांच्या आसपास आणून सोडतो. म्हणजे उतार १५ अंशांचा, आणि वीज जेमतेम दोनशे वॅट. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना तोच कूलर चार अंशांपलीकडे जात नाही. वर खोली दमट करून ठेवतो. म्हणूनच विदर्भात उन्हाळा तोंडावर आला की कूलरच्या ताट्या बदलण्याची लगबग सुरू होते, पण कोकणपट्टीत कूलर घेणे हा पैशांचा अपव्ययच. विदर्भातही पावसाळा लागताच कूलर निरुपयोगी होतो. त्याला खिडकी उघडी लागते आणि टाकीतले पाणी आठवड्याला बदलावे लागते. नाहीतर डेंग्यूच्या डासांची आयती सोय होते.

किनाऱ्यावर खरा शत्रू दमटपणा आहे आणि तो हटवायला एसीच लागतो. विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आधुनिक वातानुकूलनाची पहिली योजना आखली, तीही कागद दमट हवेने फुगू-आकसू नये म्हणून. माणसांचा घाम नंतर विचारात आला.

एसीची क्षमता टनांत सांगतात. एक टन म्हणजे दर तासाला १२,००० बीटीयू, अर्थात सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकण्याची ताकद. खोलीच्या चौरस फुटांवरून टन ठरवण्याची रीत ढोबळ आहे. वरच्या मजल्यावरचा तापलेला स्लॅब, पश्चिमेची भिंत आणि उघड्या काचा यांनी तोच हिशेब दीडपट होऊ शकतो. तरीही ‘एक नंबर मोठाच घ्या’ हा सल्ला वाईट. साधा मोठा एसी खोली झटकन गार करून कॉम्प्रेसर बंद करतो. ओल खेचायला त्याला वेळच मिळत नाही आणि खोली गार पण चिकट राहते. इन्व्हर्टर एसी वेग कमी करून चालत राहतो, त्यामुळे रात्रभराच्या वापराला तोच योग्य. एसी घेण्याआधी गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली केली, तर कदाचित लहान यंत्रावरही भागते.

ताऱ्यांच्या लेबलवर वर्ष पाहावे. २०१८ च्या नियमांत स्प्लिट एसीला ४.५ या हंगामी कार्यक्षमतेवर पाच तारे मिळत; जुलै २०२२ मध्ये त्यासाठी ५ ही किमान अट झाली. जुन्या साठ्यातला पंचतारांकित एसी स्वस्त दिसतो तो यामुळेही. लेबलवरची वार्षिक युनिटे १,६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात. उन्हाळ्यात दोन महिने, तेही रात्रीपुरताच एसी लावणाऱ्या घराला तीन तारेही पुरतात. आठ महिने चालवणाऱ्याने पाचच घ्यावेत.

शीतक वायूंपैकी आर-२२ ओझोनला मारक म्हणून बाद होत आला आहे. सध्या प्रचलित असलेल्या आर-३२ ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट आहे. आर-२९० म्हणजे प्रोपेन त्या मानाने जवळजवळ निरुपद्रवी, पण ज्वालाग्राही. त्याची जोडणी प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावी.

जोडणीत बरेच बिघडते. बाहेरचे युनिट इमारतीच्या बंद डक्टमध्ये टांगले की ते स्वतःच फेकलेली गरम हवा पुन्हा ओढते आणि पाच ताऱ्यांचा फायदा तिथेच संपतो. जोडणीनंतर प्रश्न उरतो वापराचा. जानेवारी २०२० पासून भारतात तारांकित एसी सुरू होताना आपोआप २४ अंशांवर येतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या मते तापमान एक अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते.