नसेवरची गाठ छोट्या छेदातून कशी काढतात? नर्व्ह मॉनिटरची गोष्ट

नांदेडला इंजिनिअरिंग करत होतो तेव्हा उजव्या हातावर, कोपराच्या थोडं खाली, शेंगदाण्याएवढी गाठ आली. टेबलाच्या कडेला दाबली की अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत करंट जायचा. लातूरच्या एका दवाखान्यात सांगितलं, "चरबीची गाठ आहे, दहा मिनिटांत काढू." मी पळ काढला. नंतर सोनोग्राफीत दिसलं, गाठ नसेतच होती!

हिला श्वानोमा म्हणतात. (कुत्र्याशी संबंध नाही, थिओडोर श्वान हे जर्मन शास्त्रज्ञाचं नाव.) नसेतल्या तंतूंवर वायरच्या इन्सुलेशनसारखं आवरण असतं, ते बनवणाऱ्या पेशींची ही गाठ. बहुतेक वेळा कॅन्सर नसतो, वाढतेही हळू. त्रास नसेल तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायलाही सांगतात. ती आडवी हलते पण नसेच्या लांबीत हलत नाही, आणि टिचकी मारली की झिणझिण्या येतात. अशी गाठ असेल तर तपासणीशिवाय कापू देऊ नका. चरबीची समजून उपटली तर नस तुटू शकते, आणि माझ्या बाबतीत ती अंगठ्याची होती.

श्वानोमा तंतूंना बाजूला ढकलत वाढतो, त्यामुळे शेंगेतून दाणा काढावा तसा बाहेर काढता येतो. प्रश्न एवढाच, की छोट्या छेदातून, मायक्रोस्कोपखाली, चालू वायर कुठली हे कळायचं कसं? इथे नर्व्ह मॉनिटर येतो. हाताच्या स्नायूंत बारीक सुया टोचलेल्या असतात. सर्जन गाठीच्या आवरणाला प्रोब लावून अगदी हलका करंट देतो. खाली चालू तंतू असेल तर स्नायू आकसतो. तो इवलासा सिग्नल मोठा करून मशीन स्पीकरवर आवाज देतं. आवाज आला, तिथे कापायचं नाही. जिथे शांतता, तिथेच आवरण उघडायचं. पण त्या वेळी स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर असेल तर शांतता खोटी ठरते, म्हणून भूलतज्ज्ञाला आधीच सांगावं लागतं. रक्त थांबवायचं विजेचं उपकरण चालू असतानाही मशीन बहिरंच; एवढ्या नॉइजमध्ये सिग्नल सापडत नाही.

चौकशी नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत सुरू करा. "नर्व्ह मॉनिटर वापरणार का?" हे सरळ विचारा. नसेल तर मोठ्या शहराची चिठ्ठी मागा.

माझा अंगठा काही आठवडे बधिर होता. तेवढे दिवस डाव्या हाताने टाइप केलं.